विश्लेषण : कर्जात बुडालेल्या डेट्रॉईटने चित्रे का विकली नाहीत? नागरिकांचा कर संग्रहालयाच्या मदतीला कसा आला?

शहराचे दिवाळे निघालेले, निवृत्त कर्मचाऱ्यांचे पेन्शन धोक्यात आणि पालिकेच्याच मालकीच्या संग्रहालयात कोट्यवधी डॉलरची चित्रे. विकायची की राखायची? अमेरिकेतील डेट्रॉईटपुढे २०१३ मध्ये हा पेच होता. चित्रे वाचली. त्यामागे कायदा आणि देणगीदार होतेच, पण संग्रहालयाने लोकांशी आधीच जोडलेले नातेही होते.

नेमके प्रकरण काय?

‘डेट्रॉईट इन्स्टिट्यूट ऑफ आर्ट्स’ची स्थापना १८८५ ची. १९१९ पासून तेथील संग्रह शहराच्या मालकीचा झाला. व्हॅन गॉगचे १८८७ चे आत्मचित्र, ब्रॉयगलचे ‘द वेडिंग डान्स’ आणि दिएगो रिव्हेराने १९३२-३३ मध्ये मोटार कारखान्यातील कामगारांवर रंगवलेली २७ भागांची भित्तिचित्रे ही त्याची ओळख. जुलै २०१३ मध्ये सुमारे १८ अब्ज डॉलरच्या देण्यांखाली दबलेल्या शहराने दिवाळखोरी जाहीर केली आणि धनकोंची नजर या संग्रहाकडे वळली. शहराच्या पैशांतून घेतलेल्या कलाकृतींची किंमत ‘ख्रिस्टीज’ या लिलाव कंपनीने ४५.४ कोटी ते ८६.७ कोटी डॉलर काढली.

लोकांशी नाते कसे जुळले?

२००७ मध्ये दालनांची नव्याने मांडणी झाली. केवळ देश आणि कालखंड यांनुसार चित्रे लावण्याऐवजी सामान्य माणसाला समजतील असे विषय घेतले गेले. माहितीफलक छोटे आणि सोपे झाले. युरोपीय सरदारांची भांडी नुसती काचेआड न ठेवता, टेबलावर प्रोजेक्टरने मेजवानी वाढली जाताना दाखवली गेली. कला जाणकारांसाठीचे संग्रहालय उथळ होईल, अशी टीकाही झाली. पुढे २०१० पासून ‘इनसाइड आउट’ उपक्रमात गाजलेल्या चित्रांच्या हुबेहूब प्रती शहर आणि उपनगरांतील रस्ते, उद्याने व इमारतींच्या भिंतींवर लावण्यात आल्या.

कर किती आणि त्या बदल्यात काय?

सरकारी मदत आटल्याने २००९ मध्ये संग्रहालयाला कर्मचारी कपात करावी लागली होती. त्यामुळे ऑगस्ट २०१२ मध्ये वेन, ओकलंड आणि मॅकॉम्ब या तीन काउंटींतील (आपल्याकडील जिल्ह्यांसारखे विभाग) मतदारांपुढे १० वर्षांच्या मालमत्ता कराचा प्रस्ताव ठेवण्यात आला. दर होता करपात्र मूल्याच्या प्रत्येक १,००० डॉलरमागे २० सेंट. म्हणजे दीड लाख डॉलरच्या घराला वर्षाला साधारण १५ डॉलर. मॅकॉम्बमध्ये निसटत्या फरकाने, पण तिन्ही ठिकाणी प्रस्ताव मंजूर झाला. संग्रहालयाला वर्षाला सुमारे २.३ कोटी डॉलर मिळू लागले. बदल्यात रहिवाशांना मोफत प्रवेश, शालेय सहलींना मोफत बस आणि ज्येष्ठ नागरिकांसाठी कार्यक्रम अशी सोय झाली.

मग चित्रे वाचली कशी?

कलाकृती विकल्यास कर थांबवू, असा इशारा उपनगरांतील लोकप्रतिनिधींनी दिला. म्हणजे विक्रीतून पैसा येणार, पण दरवर्षीचे उत्पन्न जाणार. हा संग्रह सार्वजनिक विश्वस्त निधी असून कर्जफेडीसाठी विकता येणार नाही, असे मत मिशिगनच्या अॅटर्नी जनरलनी दिले. शेवटी धर्मादाय संस्था, राज्य सरकार आणि संग्रहालय यांनी मिळून ८१.६ कोटी डॉलर उभे केले. ‘ग्रँड बार्गेन’ म्हणून ओळखल्या गेलेल्या या तोडग्यातील पैसा पेन्शनसाठी गेला आणि संग्रहाची मालकी शहराकडून स्वतंत्र ना-नफा संस्थेकडे गेली. नोव्हेंबर २०१४ मध्ये न्यायालयाने त्याला मान्यता दिली.

सर्वांचे भले झाले का?

नाही. शहराच्या सर्वसाधारण निवृत्त कर्मचाऱ्यांच्या पेन्शनमध्ये ४.५ टक्के कपात झाली आणि महागाईनुसार मिळणारी वार्षिक वाढही बंद झाली. ज्यांनी आयुष्यभर शहराची सेवा केली, त्यांच्यासाठी हा तोडगा गोड नव्हता. तरीही मार्च २०२० मध्ये तिन्ही काउंटींतील मतदारांनी कराला आणखी १० वर्षांसाठी कौल दिला.

महाराष्ट्राशी संबंध काय?

मुंबईत भायखळ्याचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय महापालिकेचे, म्हणजे करदात्यांचेच आहे. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाची ‘म्युझियम ऑन व्हील्स’ बस २०१५ पासून शाळा आणि गावांपर्यंत जाते. आपल्याकडे संग्रहालयासाठी थेट मतदान होत नाही. पण निधीला कात्री लागण्याची वेळ आली, तर ‘हे आमचे आहे’ म्हणणारे किती जण पुढे येतील, हा प्रश्न इथल्या संग्रहालयांनाही लागू पडतो. डेट्रॉईटला ते लोक मिळाले, कारण संकट येण्याआधीच संग्रहालय त्यांच्या गल्लीत पोहोचले होते.