बांधातले बोट

शाळेत तीस-बत्तीस वर्षे शिकवीत असताना एक गोष्ट मी मुलांना कितीदा सांगितली असेल, याची गणती नाही. हॉलंडमधील एक लहान मुलगा संध्याकाळी घरी परतत असतो. वाटेत त्याला समुद्राच्या बांधाला पडलेले एक बारीक भोक दिसते. भोक वाढले तर सारा मुलूख बुडेल, हे जाणून तो त्यात आपले बोट घालतो आणि थंडीने कुडकुडत रात्रभर तेथेच बसून राहतो. गोष्ट संपली की वर्ग क्षणभर स्तब्ध होई. पुढे सेवानिवृत्त झाल्यावर त्याच देशात, लेकीच्या घरी, उन्हाळ्याचे तीन महिने काढण्याचा योग आला. तेव्हा ती गोष्ट जेथे घडली ते स्थळ पाहावयाचेच, असे मनाशी ठरवून मी निघालो.

हॉलंड हे नाव आपल्या तोंडी बसले आहे. परंतु देशाचे नाव नेदरलँड्स, आणि त्याचा अर्थच मुळी सखल प्रदेश असा आहे. किती सखल, याचा पहिला प्रत्यय विमानातून उतरतानाच आला. ॲमस्टरडॅमचा स्किपोल विमानतळ समुद्रसपाटीच्या तीन-चार मीटर खाली आहे. पावणेदोनशे वर्षांपूर्वी तेथे एक विस्तीर्ण सरोवर होते. वादळात त्याच्या लाटा काठावरची जमीन गिळीत असत. म्हणून १८४९ ते १८५२ या काळात वाफेच्या यंत्रांवर चालणारे प्रचंड पंप लावून ते कोरडे करण्यात आले. जेथे पूर्वी गलबते फिरत, त्या तळावर आता विमाने उतरतात. देशाचा सुमारे चौथा हिस्सा असा समुद्रसपाटीखाली आहे.

लेक-जावयाचे बिऱ्हाड गौडा या गावी आहे. या गावाच्या नावाचे चीज जगभर जाते. गावकरी मात्र नावाचा उच्चार घसा खरवडून 'खाउडा' असा करतात. मला तो अखेरपर्यंत साधला नाही. दारासमोर कालवा, कालव्यात बदके, काठाने सायकलींची रांग. घराच्या पुढील दाराची पायरी मात्र मला चमत्कारिक वाटली. अंगण आणि पायरी यांच्यामध्ये वीतभर पोकळी पडली होती. मी विचारले तेव्हा जावई म्हणाले, "घर खोल रोवलेल्या खांबांवर उभे आहे, म्हणून ते जागचे हलत नाही. अंगण मात्र खचते. काही वर्षांनी पुन्हा वाळूची भर घालावी लागेल."

याचे कारण तेथील मातीत आहे. दलदलीतील वनस्पती हजारो वर्षे साचून, अर्धवट कुजून ती माती झालेली आहे. ओली असताना ती स्पंजासारखी फुगलेली असते. शेती करावयाची, घरे बांधावयाची, तर तिच्यातील पाणी काढून टाकलेच पाहिजे. पण पाणी काढले की ती सुकते, आकसते आणि खाली बसते. जमीन खाली बसली की पुन्हा तिच्यावर पाणी साचू लागते, आणि मग आणखी उपसा करावा लागतो. हे चक्र शेकडो वर्षे चालू आहे. चित्रांत आपण पाहतो त्या हॉलंडच्या पवनचक्क्यांपैकी कितीतरी याच उपशासाठी उभारलेल्या होत्या. किंडरडाइक या ठिकाणी १७४० च्या सुमारास बांधलेल्या अशा १९ पवनचक्क्या एका जागी पाहावयास मिळतात. आता हे काम विजेचे पंप करतात. ते थांबले, तर लेकीच्या अंगणात बदके पोहू लागतील!

घरातील दिनक्रम घड्याळाच्या काट्यावर चाले. सकाळी पाव, दुपारी पुन्हा पाव आणि चीज. शिजवलेले अन्न एकदाच, संध्याकाळी सहाच्या सुमारास. पावावर लोणी लावून त्यावर चॉकलेटची बारीक शेव पसरावयाची आणि ती चक्क न्याहारी म्हणून खावयाची, ही तेथील मुलांची चैन पाहून मला हेवा वाटला. लेकीने मात्र संध्याकाळची पोळी-भाजी सोडलेली नाही. बुधवारी माझ्या नऊ वर्षांच्या नातीची शाळा दुपारीच सुटे, आणि ती सायकलवरून एकटीच घरी येई.

ती एकटी येते, याचे मला प्रारंभी भय वाटे. एके दिवशी मी तिच्या वाटेने फिरून आलो. सायकलींसाठी तांबड्या रंगाचा निराळा रस्ता होता, मोटारींपासून अलग राखलेला. चौकात सायकलींसाठी निराळा दिवा होता. हे सारे पूर्वापार असेच असावे, असे मला वाटले. पण तसे नाही. १९५० नंतर तेथेही मोटारी वाढल्या, रस्ते रुंद झाले, सायकली कडेला ढकलल्या गेल्या. १९७१ या एका वर्षात त्या छोट्या देशात तीन हजारांहून अधिक माणसे रस्त्यांवर मृत्युमुखी पडली; त्यांत चारशेहून अधिक मुले होती. तेव्हा आईबाप रस्त्यावर उतरले. 'मुलांचे बळी थांबवा' अशी त्यांची मागणी होती. त्या चळवळीनंतर हळूहळू हे तांबडे रस्ते तयार झाले. आज तेथे माणसांपेक्षा सायकली अधिक आहेत.

अशाच एका बुधवारी मी नातीला सहज विचारले, "काय ग, बांधातल्या भोकात बोट घातले, त्या मुलाची गोष्ट तुला ठाऊक असेलच."

ती हसली. "आजोबा, घातले नाही, घातली. आणि तो मुलगा नव्हता, मोठा माणूस होता."

"मोठा माणूस? अग, एवढासा मुलगा! रात्रभर त्याने बोट काढले नाही."

"बोट इतकी मोठी होती, काढणार कशी? इथून जवळच तर आहे ती जागा. रविवारी जाऊ या का?"

लेक स्वयंपाकघरातून हे ऐकत होती. ती हसतच बाहेर आली, तेव्हा कोठे आम्हां दोघांचा घोटाळा उलगडला. मी हाताच्या बोटाविषयी बोलत होतो. नात पाण्यातल्या बोटीविषयी. हाताच्या बोटाची गोष्ट तिने कधी ऐकलीच नव्हती! शाळेत नाही, घरी नाही, शेजारच्या आजीकडूनही नाही.

मी शोध केला आणि माझे मलाच हसू आले. ती गोष्ट मुळी हॉलंडची नव्हेच. मेरी मेप्स डॉज या अमेरिकन लेखिकेच्या 'हान्स ब्रिंकर' नावाच्या पुस्तकाने ती जगभर नेली. ते पुस्तक १८६५ साली निघाले, तेव्हा बाईंनी हॉलंड पाहिलेही नव्हते. पुढे परदेशी प्रवासी येऊन त्या मुलाचा पत्ता विचारू लागले, तेव्हा १९५० साली स्पार्नडॅम या गावी त्याचा एक पुतळाच उभारण्यात आला. मी जे स्थळ पाहावयास निघालो होतो, ते असे माझ्यासारख्यांसाठीच तयार केलेले होते.

रविवारी डब्यात थालीपीठे घेऊन आम्ही चौघे सायकलींवरून निघालो. गावापासून हॉलंडसे आयसेल या नदीच्या बांधावरून दहाएक किलोमीटरवर न्यूअरकेर्क हे गाव लागते. बांधावरचा तो रस्ता मी विसरणार नाही. एका अंगाला नदी होती. समुद्र दूर असला तरी भरती-ओहोटी तिच्यात येते. दुसऱ्या अंगाला, पार खाली, शेते आणि घरे. नदीचे पाणी उंचावर आणि घरांची छपरे आमच्या पायांशी! त्या गावाजवळची जमीन समुद्रसपाटीच्या सुमारे पावणेसात मीटर खाली आहे. साऱ्या देशात एवढे सखल ठिकाण दुसरे नाही. बांधाच्या उतारावर मेंढ्या चरत होत्या. त्या केवळ शोभेसाठी नसतात. मेंढ्या गवत आखूड खातात, त्यामुळे गवताची मुळे दाट होतात आणि माती घट्ट धरून ठेवतात.

माझे बालपण पेणजवळच्या खारेपाटात गेले आहे. खाडीचे खारे पाणी भातशेतीत शिरू नये म्हणून आमच्याकडेही मातीचे बांध असतात, आणि उधाणाच्या रात्री बांधाला खांड पडली की घराघरातून माणसे धावतात. खेकड्याने केलेले बारीकसे बीळही आमचे वडीलधारे दुर्लक्षित नसत. म्हणून बांधावर उभा राहिल्यावर मी जावयांना विचारले, "फुटतो कसा तुमचा बांध?"

त्यांनी उत्तर दिले ते लक्षात ठेवण्याजोगे आहे. एवढा रुंद बांध बहुधा पाण्याच्या अंगाने फुटत नाही, गावाच्या अंगाने फुटतो. वादळात पाणी माथ्यावरून सांडू लागते, आतल्या उतारावरून वेगाने खाली धावते, गवत उपटते, माती ओरबाडते. भिजलेला उतार घसरतो. बांध पाठीकडून असा पोखरत गेला, म्हणजे समोरचे पाणी उरलेली भिंत ढकलून देते. अशा वेळी बोटाने काय होणार?

३१ जानेवारी १९५३ ची रात्र. शनिवार होता. उधाणाची भरती आणि वायव्येकडील प्रचंड वादळ एकाच वेळी आले. व्लिसिंगेन बंदरात पाणी नेहमीच्या सरासरी पातळीवर साडेचार मीटर चढले. रात्री नभोवाणी बंद असे. झोपलेल्या गावांना सावध करावे कसे? देशाच्या नैऋत्य भागातील बांध एकामागून एक कोसळले. पहाटेपर्यंत लोक छपरांवर चढून बसले होते. त्या पुरात नेदरलँड्समध्ये १,८३६ माणसे मरण पावली.

त्याच पहाटे न्यूअरकेर्कच्या या बांधालाही खांड पडली. त्याच्या पाठीमागे सुमारे तीस लाख लोकांच्या वस्तीचा सखल मुलूख पसरलेला होता. तेव्हा गावच्या नगराध्यक्षांनी आरी एव्हेग्रून नावाच्या नावाड्याला आज्ञा केली, की तुझी बोट आणून खांडीत घाल. 'दोन भाऊ' असे त्या मालवाहू बोटीचे नाव. प्रवाहाने बोट खांडीतून आत ओढली गेली असती, तर नावाडी आणि बोट दोन्ही खालच्या शेतांत जाऊन आदळली असती. एव्हेग्रूनने ती बांधाच्या कडेकडेने अशी आणली की पाण्याच्या जोरानेच ती फिरली आणि दार लागावे तशी खांडीवर बसली. लोकांनी तिच्याभोवती वाळूची पोती रचली. बांध वाचला.

त्या जागी आता स्मारक आहे. त्याच्या नावाचा अर्थ होतो 'कडेवर उभे राहिलेले नाणे'. नाणे कडेवर उभे असले, म्हणजे ते कोणत्या बाजूस पडेल ते सांगता येत नाही. नातीने मला हे समजावून सांगितले आणि मग मोठ्या गंभीरपणे विचारले, "तुमच्या गोष्टीतल्या मुलाचे नाव काय होते?" गंमत अशी, की त्या पुस्तकातही त्या मुलाला नाव नाही, लोक उगाच त्यालाच हान्स ब्रिंकर म्हणतात. मी एवढेच म्हणालो, "ते पुस्तक लिहिणारीलाही ठाऊक नव्हते."

पुरानंतर सरकारने समुद्राची मुखे अडविण्याची मोठी योजना हाती घेतली. तिच्यातील पहिला अडसर याच नदीवर, क्रिम्पेन गावाजवळ, १९५८ साली पुरा झाला. एरवी त्याची पोलादी दारे वर उचललेली असतात. वादळाची सूचना मिळाली की ती खाली सोडतात. पूर्व स्केल्ट खाडीवरील १९८६ सालच्या अडसराला अशी ६२ दारे आहेत. तेथे कायमचा बांध घातला असता, तर शिंपले आणि मासे नष्ट झाले असते; म्हणून कोळ्यांनी व इतर अनेकांनी विरोध केला, आणि खर्च वाढला तरी उघडझाप करणारी दारे बसविण्यात आली. हा निर्णय मला बांधकामाहूनही मोठा वाटतो. गावोगावचे बांध व पंप मात्र पाणी-मंडळे सांभाळतात. गौडा गाव ज्या राइनलँड मंडळाकडे आहे, त्याचा उल्लेख १२५५ सालच्या लेखात सापडतो. आज अशी २१ मंडळे आहेत. लोक मत देऊन त्यांचे सभासद निवडतात आणि घरटी कर भरतात. बिळे करून बांध पोखरणारे घुशीसारखे प्राणी पकडण्यासाठी त्यांनी माणसे नेमलेली आहेत, हे ऐकून मला आमच्याकडचे खेकडे आठवले.

माझा मुक्काम संपण्याच्या सुमारास नातीची पोहण्याची तिसरी परीक्षा होती. कायद्याने सक्ती नसली, तरी बहुतेक मुले ही परीक्षा देतात; कारण जिकडेतिकडे कालवे. आम्ही सारे तलावाकाठी बाकांवर बसलो. मुले रांगेने आली, ती सदरा, विजार, बूट आणि वरून पावसाळी कोट घालून! कालव्यात पडणारे मूल काही पोहण्याचे कपडे घालून पडत नाही, म्हणून परीक्षा अशी. एकेकाने त्या वेषात उडी घेतली. पाण्याखाली आडव्या लावलेल्या कापडाच्या भोकातून बाहेर पडण्याचीही एक कसोटी होती. नात पाण्याखाली गेली आणि लेकीने माझा हात घट्ट धरला. नऊ मीटर अंतर मला फार लांब वाटले.

ती निथळत वर आली. मी म्हटले, "शाबास! मी विहिरीत पोहायला शिकलो. पण लंगोट लावून."

तिने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिले. "मग बांधावर सायकलवरून पडला असता तर?" असे म्हणून तिने उजव्या पायातला बूट काढला आणि त्यातले पाणी माझ्या पायांशी ओतले.