लेकरांच्या घरात कुत्रं आणताना

"भाऊ, लेकराईसाठी कोन्तं कुत्रं घ्यावं?" दिवाळीच्या सुट्या जवळ आल्या की वाशीममध्ये हा प्रश्न मला हमखास येतो. विचारणाऱ्याच्या मोबाइलमध्ये एखाद्या गुबगुबीत पिल्लाचा फोटो आधीच असतो आणि लेकरं पिल्लाच्या नावावरून भांडूनही मोकळी झालेली असतात. मी फोटो बाजूला ठेवायला सांगतो. घरावर स्लॅब आहे की पत्रे? दुपारी घरात मोठं माणूस कोण असतं? सगळ्यात धाकटं लेकरू किती वर्षांचं? वर्षभर पहाटे साडेपाचला कुत्र्याला फिरवायला कोण नेणार? या चार प्रश्नांची उत्तरं मिळाली की जातीचा प्रश्न अर्धा सुटलेला असतो.

जातीवरून काय कळतं आणि काय कळत नाही, हे आधी नीट समजून घेऊ. शरीर कळतं: कुत्रं किती वाढणार, केस किती, तोंड लांब की चपटं, पळायला किती लागणार. स्वभाव मात्र फारसा कळत नाही. 2022 साली 'सायन्स' या नियतकालिकात अमेरिकेतल्या संशोधकांचा एक मोठा अभ्यास आला. त्यांनी 18 हजारांहून जास्त कुत्र्यांच्या वागण्याची माहिती मालकांकडून घेतली आणि दोन हजारांहून जास्त कुत्र्यांची जनुकं तपासली. कुत्र्याकुत्र्यांच्या वागण्यात जो फरक दिसतो, त्यातला जेमतेम 9 टक्के जातीमुळे असतो, असं त्यांना आढळलं. 'ही जात लेकरांसाठी एकदम सेफ' असं कोणी छातीठोकपणे सांगितलं तर त्यावर विसंबू नका. जात बघा ती शरीरासाठी. स्वभावासाठी पिल्लाची आई बघा आणि त्याचे पहिले आठवडे कुठे, कसे गेले ते विचारा.

आपल्याकडे शरीराचा विचार उन्हापासून सुरू करावा लागतो. मे महिन्यात वाशीम, रिसोड, कारंजा भागात पारा 42-43च्या घरात जातो. माणसाला अंगभर घाम येतो, कुत्र्याला तो नावापुरता पंजांच्या गाद्यांना येतो. अंगातली उष्णता बाहेर टाकायची ती मुख्यतः जीभ बाहेर काढून, धापा टाकून. नाक-तोंडातल्या ओल्या भागावरून हवा फिरते, ओल उडते आणि रक्त थंड होतं. ज्याचं नाक लांब, त्याला हा थंडावा जास्त. पग, बुलडॉग, शिह त्झू यांचं नाक माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या निवड करून इतकं चपटं केलंय की त्यांना साध्या दिवसातही श्वास पुरत नाही. 2003 मध्ये हच या मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत एका मुलाच्या मागे मागे फिरणारा पग आला आणि घरोघरी पग हवा झाला. लेकरांशी तो मायेने वागतो, यात शंका नाही. पण भर उन्हात लेकरांबरोबर अंगणात पळणं त्याच्या जिवावर बेतू शकतं.

हस्कीची गत वेगळी. ओळखीतल्या एका घरी एप्रिलमध्ये हस्कीचं पिल्लू आणलं. मे उजाडला तेव्हा ते दिवसभर न्हाणीतल्या ओल्या फरशीवर पोट टेकून पडायचं. लाइट गेली, कूलर थांबला की उठून माठाखालच्या ओलाव्यात जाऊन बसायचं. घरातला सात वर्षांचा मुलगा चेंडू घेऊन दारात उभा राही आणि आईला विचारी, "हा खेळत का नाही गं?" हस्कीचा केसांचा दुहेरी थर बर्फातल्या थंडीसाठी घडलेला आहे. तो भादरला तर कातडीला ऊन थेट लागतं आणि हाल आणखी वाढतात. हे पिल्लू आपल्या जिल्ह्यात आणूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

लॅब्रॅडॉरही मुळात थंड मुलखातलाच, न्यूफाउंडलंडच्या कोळ्यांबरोबर गार पाण्यात काम करणारा. पण त्याचं नाक लांब आहे. पहाटे आणि रात्री फिरवलं, दुपारी सावली-पाणी दिलं, तर तो इथे निभावतो. लेकरांच्या धसमुसळेपणाला तो सहसा लवकर वैतागत नाही. अडचण त्याच्या अंगाची आणि भुकेची. वर्षभरात तो 25-30 किलोचा होतो, पण डोकं अजून पिल्लाचंच असतं. खेळता खेळता तो चार वर्षांच्या पोराला सहज आडवं पाडतो. घरातला प्रत्येक जण 'थोडंसंच' खाऊ घालतो आणि दोन वर्षांत त्याचं पिंप होतं. दोन वेळा फिरवणारं माणूस घरात नसेल, तर लॅब घेऊ नका. जर्मन शेफर्डला याहून जास्त वेळ आणि शिकवण लागते, शिवाय कंबरेच्या सांध्याचं दुखणं त्याच्यात बरंच आढळतं. घरात ज्याने पूर्वी कुत्रं वाढवलंय असं कोणी असेल तरच त्याचा विचार करावा.

ज्याला आपल्याकडे सगळे पामेरियन म्हणतात, तो बहुतेक वेळा इंडियन स्पिट्झ असतो. 'हम आपके हैं कौन'मधला टफी त्यातलाच. अंगाने लहान, खायला कमी, आपल्या हवेत पिढ्यान्‌पिढ्या रुळलेला. पण तो चटकन दचकतो, ओढाताण झाली की चावा घेतो आणि फार भुंकतो. लेकरं आठ-दहा वर्षांची आणि शांत असतील, तर फ्लॅटसाठी चांगला.

शेतात राहणारी मंडळी कारवानीबद्दल विचारतात. तांड्यांबरोबर, काफिल्यांबरोबर फिरणारं म्हणून कारवानी. लातूरकडे याच घराण्यातलं केसाळ कानांचं पश्मी प्रसिद्ध आहे आणि कर्नाटकात कारवानीलाच मुधोळ हाउंड म्हणतात. मुधोळचे संस्थानिक मालोजीराव घोरपडे यांनी ही जात जोपासली आणि इंग्लंडचा राजा पाचवा जॉर्ज याला एक जोडी भेट दिली. आज मुधोळजवळ तिम्मापूरला सरकारी संशोधन केंद्रही आहे. कुत्रं देखणं, काटक, उन्हाला पक्कं. तरी लेकरांच्या घरासाठी मी ते पहिल्या पसंतीला घेत नाही. घरच्या माणसांवर त्याचा जीव असतो, पण मागून मिठी मारलेली, अंगावर लोळलेलं त्याला खपत नाही. पळण्यासाठीच त्याचा जन्म. समोर ससा उठला की हाक त्याच्या कानापर्यंत पोचत नाही. कारंजा-सोहोळच्या काळवीट अभयारण्याजवळ ज्यांची शेतं आहेत, त्यांनी तर कारवानी मोकळं सोडूच नये. काळविटामागे लागलेलं कुत्रं काळविटाच्या जिवाला धोका आणि मालकाला वन्यजीव कायद्याचा गुन्हा.

आता गावठी. कारंज्याच्या गुरुमंदिरात लहानपणापासून जाणाऱ्या माणसाला दत्ताच्या पायाशी बसलेली चार कुत्री नवी नाहीत. उभे कान, आखूड केस, लांब तोंड: ही आपली गल्लीतलीच कुत्री. ऊन-पावसाने आणि रोगांनी शेकडो पिढ्या चाळून काढलेलं हे शरीर आहे. वजन 15 ते 20 किलोच्या आसपास, आखूड केसांना विशेष निगा लागत नाही, भाकरी-वरणावर पोट चालतं. वाशीमसारख्या ठिकाणी सहा वर्षांवरची लेकरं असलेल्या घराला मी सगळ्यात आधी गावठीच सुचवतो. मात्र त्याची आई माहीत असली पाहिजे. गावठी कुत्रं हुशार असतं, तसंच सावधही असतं, आणि भेदरलेल्या आईची पिल्लं बऱ्याचदा भेदरट निघतात.

एक प्रकार सरळ टाळा. पिटबुल, रॉटवायलर, केन कोर्सो अशा कुत्र्यांचा रुबाब पोरांना आवडतो. केंद्र सरकारने मार्च 2024 मध्ये अशा 23 प्रकारांवर बंदी घालायला राज्यांना सांगितलं होतं. एप्रिलमध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने ते परिपत्रक रद्द केलं. कायदा काहीही म्हणो, कोणतंही कुत्रं आयुष्यात एखादे वेळी चावू शकतं. त्या एका चाव्याने किती इजा होईल, याचा हिशेब लेकरांच्या घरात आधी करावा लागतो.

घरातलं सगळ्यात धाकटं लेकरू पाच वर्षांच्या आत असेल, तर थांबा. ते शेपटी ओढणार, ताटलीत हात घालणार आणि कुत्र्याच्या तोंडासमोर स्वतःचं तोंड नेणार. त्याची उंचीच अशी की चावा थेट गालावर नाहीतर मानेवर बसतो.

पिल्लू निवडताना काय बघायचं, ते मागच्या जानेवारीतल्या एका निवडीवरून सांगतो. गावठी कुत्री बहुधा पावसाळा सरताना आणि हिवाळ्यात वितात. त्यामुळे डिसेंबर-जानेवारीत आठ-नऊ आठवड्यांची पिल्लं मिळतात. हवा गार असते, फटाके सरलेले असतात. मंगरूळपीर रस्त्यावरच्या एका गोठ्यात कुटाराच्या ढिगाला टेकून सहा पिल्लं होती. मी आधी पिल्लांकडे पाहिलंच नाही, आईकडे पाहिलं. ती उठली, जवळ येऊन पँट हुंगली, शेपटी सैल ठेवून पुन्हा जाऊन बसली. तिथेच माझं निम्मं काम झालं. ती दात विचकून गुरगुरली असती किंवा गव्हाणीखाली दडली असती, तर मी तिथूनच मागे फिरलो असतो.

मग बरोबर आलेल्या दोन्ही लेकरांना जमिनीवर बसवलं आणि गप्प राहायला सांगितलं. एक पिल्लू सगळ्यांना तुडवत पहिलं आलं आणि धाकट्याची बाही दातात धरून ओढू लागलं. लेकरांना तेच हवं होतं. एक कोपऱ्यातून हललंच नाही, लेकरांच्या आईला त्याची दया आली. मी दोन्ही नको म्हणालो. गोठ्यातला स्टीलचा गिलास थोडा लांब फरशीवर टाकला. सगळी दचकली. दचकणं बरोबरच आहे, पाहायचं असतं ते त्यानंतरचं. दोन पिल्लं पळून गेली ती आलीच नाहीत. बदामी रंगाची एक मादी चार पावलं मागे सरली, थांबली, मान तिरकी केली आणि गिलास हुंगायला आली. तिला उचलून हातावर उताणी धरली. थोडी वळवळली, मग अंग सैल सोडून माझ्या अंगठ्याला चाटू लागली. लेकरांसाठी असं मधलं पिल्लू घ्यावं. तिच्या डोळ्यांत चिपडं नव्हती, शेपटीखाली जुलाबाचा डाग नव्हता, कानात गोचीड नव्हता. तीच घेतली.

विकत घेणार असाल तरी याच पद्धतीने बघा. विकणारा आई दाखवायला का-कू करत असेल, तर ते पिल्लू कुठून तरी गाडीतून आणलेलं असतं. दोन महिन्यांच्या आतलं पिल्लू विकायला केंद्राच्या 2017 च्या नियमांनी मनाई आहे आणि त्या मनाईला कारण आहे. भावंडांशी खेळतानाच पिल्लाला कळतं की आपला चावा किती जोरात बसतो. महिन्याभराचं पिल्लू आईवेगळं केलं तर हा धडा राहून जातो आणि मग तो लेकरांच्या हातांवर गिरवला जातो.

तिसऱ्या आठवड्यापासून साधारण चौदाव्यापर्यंत पिल्लाच्या मनाची दारं उघडी असतात. या काळात जे भेटतं, ते त्याला आयुष्यभर ओळखीचं वाटतं. कुकरची शिट्टी, मिक्सर, ट्रॅक्टर, काठी टेकत चालणारे आजोबा, रडणारं बाळ, हे सगळं त्याला हळूहळू, न घाबरवता दाखवा. मात्र लसी पूर्ण होईपर्यंत रस्त्यावर उतरवू नका. पार्वो हा रोग पिल्लाला दोन-तीन दिवसांत संपवू शकतो. कडेवर घेऊन फिरवा. सहा ते आठ आठवड्यांचं असताना पहिली लस, मग तीन-चार आठवड्यांच्या अंतराने पुढच्या, तीन महिन्यांचं झालं की रेबीजची आणि ती दर वर्षी. जंताचं औषध सुरुवातीला दर पंधरा दिवसांनी, कारण पिल्लाचे जंत मातीत खेळणाऱ्या लेकरांच्या पोटात जातात. गोचीड झाले तर लगेच पशुवैद्यकीय दवाखाना गाठा. अवघड दुखणं असेल तर अकोल्याच्या पदव्युत्तर पशुवैद्यक संस्थेपर्यंत जायची तयारी ठेवा.

लेकरांना शिकवायच्या गोष्टी थोड्या आहेत, पण त्या रोज सांगाव्या लागतात. कुत्रं खात असताना आणि झोपलेलं असताना हात लावायचा नाही. गळ्यात मिठी मारायची नाही, खांदा किंवा छाती खाजवायची. कुत्रं चावण्याआधी बरंच काही सांगतं: झोप नसताना जांभई देतं, ओठ चाटतं, तोंड फिरवतं, डोळ्याचा पांढरा कोपरा दाखवतं, अंग ताठ करतं. गुरगुरलं म्हणून त्याला मारू नका, नाहीतर पुढच्या वेळी ते न गुरगुरता चावेल. आणि दहा वर्षांखालचं लेकरू व कुत्रं खोलीत एकटं सोडू नका.

घरच्या कुत्र्याचा असो की गल्लीतल्या, दात लागला तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा. हळद, चुना, मिरची लावू नका. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात न्या आणि लसीची एकही तारीख चुकवू नका. लेकरं मार पडेल म्हणून ओरखडा लपवतात. 'सांगितलंस तर कोणी रागावणार नाही' हे त्यांना कुत्रं घरात येण्याआधीच सांगून ठेवा.

त्या बदामी मादीला घेऊन आम्ही संध्याकाळी परतलो. निघताना गोठ्यातल्या पोत्याचा एक तुकडा मागून घेतला, आईचा वास असलेला. खोक्यात तो अंथरला, वर जुनं लुगडं टाकलं आणि खोकं लेकरांच्या खाटेशेजारी ठेवलं. रात्री दोन वेळा ती कुंई कुंई करून उठली. थोरल्याने खाटेवरून हात खाली सोडून खोक्याच्या काठावर ठेवला, तिने तो हुंगला आणि पोत्यावर डोकं टाकून झोपली.