दुसऱ्यांदा कॅन्सर: आधी हे विचारा

पाच-सात वर्षांनी पुन्हा गाठ सापडली की घरात पहिला शब्द उमटतो, ‘उलटला’. पण प्रत्येक वेळी तो जुनाच आजार असतो असं नाही. कधी तो पूर्णपणे नवा, स्वतंत्र कॅन्सर असतो आणि त्याचे उपचार वेगळे असतात. म्हणून नव्या गाठीची बायोप्सी व्हायलाच हवी. जुन्या रिपोर्टवरून अंदाज बांधू नये.

तंबाखू, मिश्री, गुटखा यांमुळे तोंडाच्या संपूर्ण अस्तराला इजा झालेली असते. त्यामुळे एका जागेचा कॅन्सर बरा झाल्यावरही दुसऱ्या जागी नवा होऊ शकतो. पहिल्या उपचारानंतर तंबाखू सोडल्याने हा धोका कमी होतो. ‘आता सोडून काय उपयोग?’ असं म्हणणाऱ्या माणसाला हे आवर्जून सांगा.

जुनी फाइल जिवापाड जपा. डॉक्सोरुबिसिनसारखं केमोथेरपीचं औषध हृदयावर परिणाम करतं, म्हणून आयुष्यभरात ते किती द्यायचं याला मर्यादा असते. रेडिएशन कुठे आणि किती दिलं होतं, यावरही पुढचा बेत ठरतो.

आशेला आधार आहे. नियमित तपासणीला जाणाऱ्यांचा दुसरा कॅन्सर अनेकदा लवकर सापडतो. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या संशोधनातून घडलेल्या ‘नेक्सकार १९’ या पेशी-उपचाराला 2023 मध्ये भारतात मंजुरी मिळाली. तो उलटलेल्या काही रक्ताच्या कॅन्सरसाठीच आहे. रुग्णाला मात्र ‘धीर धर’ म्हणून गप्प करू नका. त्याला भीती बोलू द्या, आणि पुढच्या भेटीला सोबत जा.