ओतकामाचा धंदा आणि उष्णतेवरचा ताबा

विजापूरच्या किल्ल्यात शेरझा बुरुजावर ‘मलिक-ए-मैदान’ नावाची तोफ आहे. ती विजापुरात बनलेली नाही. १५४९ साली निजामशाहीच्या राजधानीत, म्हणजे त्या वेळच्या अहमदनगरात, मुहम्मद बिन हुसेन रूमी या उस्तादाने ती ओतली. तांबे आणि कथील यांच्या मिश्रणाची ही तोफ सुमारे ५५ टन वजनाची आहे. ती पाहायला जाणारे लढायांच्या गोष्टी ऐकून परत येतात. धंद्याच्या नजरेने पाहणाऱ्याला मात्र वेगळाच प्रश्न पडतो. एवढा धातू पातळ ठेवायचा, गार होण्याआधी साच्यात उतरवायचा आणि आत पोकळी न राहता घट्ट होऊ द्यायचा, हे साधले कसे? तेव्हा तापमापक नव्हता आणि विजेची भट्टीही नव्हती. होता तो उस्तादाचा डोळा आणि अनेक पिढ्यांचा अनुभव.

आज या विषयावर लिहिण्याचे कारण असे की, हा धंदा आमच्या समाजाला परका नाही. मुरादाबादचे पितळकाम मुस्लिम कारागिरांच्या हातावर उभे आहे. आपल्याकडे कोल्हापूरच्या परिसरात फाउंड्र्यांची मोठी वसाहत आहे आणि राज्यात ठिकठिकाणी आमचे बांधव मोल्डर, भट्टीवाले, पॅटर्न बनवणारे म्हणून राबतात. काहींनी स्वतःची छोटी फाउंड्रीही काढली आहे. या छोट्या मालकाला विचारले की धंदा कुठे अडतो, तर तो बाजार, उधारी, कोकचा भाव ही कारणे सांगतो. ती खोटी नाहीत. पण नफा आणखी एका ठिकाणी गळतो, तो म्हणजे बाद झालेल्या मालात.

साधा हिशोब पाहू. समजा, एका नगाची किंमत १०० रुपये आणि त्यावर खर्च ९० रुपये. १०० नग ओतले तर खर्च ९,००० रुपये. त्यातले १० नग बाद झाले तर विकले गेले ९०, म्हणजे हाती आले ९,००० रुपये. महिनाभर घाम गाळून उरले काय? बाद नगांचे भंगार! ते भंगार पुन्हा भट्टीत जाते म्हणून मालकाला नुकसान दिसत नाही. पण ते वितळवायला कोक पुन्हा जाळावा लागतो, वाळू पुन्हा भरावी लागते, मजुरी पुन्हा द्यावी लागते.

नग बाद का होतात, याचा शोध घेतला तर बरीचशी कारणे उष्णतेपाशी येऊन थांबतात. ओतकामात उष्णतेशी तीन वेळा गाठ पडते : ती निर्माण करताना, मोजताना आणि साच्यातून काढून घेताना. या तिन्ही ठिकाणी माणसाने काय शोध लावले आणि त्यातले छोट्या कारखानदाराच्या उपयोगाचे काय, ते क्रमाने पाहू.

उष्णता निर्माण करणे

कुरआनमध्ये सूरह कहफमध्ये झुल्करनैन यांच्या भिंतीची हकीकत आहे. त्यात लोखंड धगधगेपर्यंत फुंकण्याचा आणि त्यावर वितळलेला धातू ओतण्याचा उल्लेख येतो. भट्टीचे मर्म हेच आहे : इंधनाइतकेच महत्त्व हवेला आहे. प्रसिद्ध हकीम अल-राझी यांनी दहाव्या शतकाच्या सुमारास आपल्या ग्रंथात धातू वितळवण्याच्या साधनांची यादी दिली आहे. तिच्यात भट्टी, भाता, मूस, पळी, चिमटा ही साधने आहेत. आजही छोट्या ओतशाळेत यातले एकही साधन परके वाटणार नाही.

मुशीच्या बाबतीत तर आपल्या दख्खनचे नाव जगात होते. मातीच्या बंद मुशीत लोखंड आणि कर्बयुक्त पदार्थ एकत्र तापवून येथे पोलाद बनत असे. तेलंगणातल्या कोनासमुद्रम गावी हे पोलाद घेण्यासाठी इराणचे व्यापारी येत. मूस भट्टीतून काढल्यावर सावकाश गार होऊ देणे हा त्या कामाचा महत्त्वाचा भाग होता. युरोपात मुशीत पोलाद वितळवण्याचे काम १७४० च्या दशकात शेफील्डच्या बेंजामिन हंट्समन या घड्याळजीने यशस्वी केले.

बिडाच्या म्हणजे ओतीव लोखंडाच्या धंद्याला वेगळी दिशा मिळाली ती १७०९ साली. इंग्लंडमध्ये कोलब्रुकडेल येथे अब्राहम डार्बी याने लाकडी कोळशाऐवजी दगडी कोळशापासून केलेला कोक वापरून लोखंड गाळले. पुढे १७९४ साली जॉन विल्किन्सन याने कुपोला भट्टीचे पेटंट घेतले. उभ्या नळकांड्यात कोक, लोखंड आणि चुनखडी यांचे थर द्यायचे आणि खालून हवा मारायची, ही रीत आजही चालू आहे.

ग्लासगोच्या जेम्स नीलसन याने १८२८ साली एक साधी कल्पना मांडली. भट्टीत जाणारी हवाच आधी तापवली तर? तोवरच्या जाणकारांचा समज उलटा होता. थंड हवेनेच लोखंड चांगले येते, असे ते म्हणत. नीलसनची रीत वापरल्यावर क्लाइड येथील कारखान्यात एक टन लोखंडामागे लागणारा कोळसा सुमारे ८ टनांवरून ५ टनांवर आला. जुना समज तपासून पाहिला नाही, तर तो किती महागात पडतो, याचे हे उदाहरण.

कुपोलातही अशीच गळती आहे. कोक पूर्ण जळला की पूर्ण उष्णता मिळते. पण जळून वर चढणारा वायू पुन्हा तापलेल्या कोकला भेटला की त्यातून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो आणि तो आपल्याबरोबर बरीच उष्णता धुराड्यातून घेऊन जातो. यावर इंग्लंडमध्ये उपाय निघाला. हवेच्या नळांची एकच रांग ठेवण्याऐवजी पाऊण-एक मीटर वर दुसरी रांग द्यायची आणि हवा दोन्हींत वाटायची. वरच्या हवेने तो वायू तिथेच जळतो आणि वरून उतरणारे लोखंड तापते. या दुहेरी हवेच्या कुपोलात कोकची बचत २५ टक्क्यांच्या आसपास होऊ शकते. टेरी या संस्थेने १९९८ साली हावड्यात छोट्या फाउंड्रीसाठी अशी भट्टी उभारून दाखवली.

विजेच्या भट्टीचा पाया १८३१ साली मायकेल फॅरडे यांच्या शोधाने घातला गेला. १९१६ च्या सुमारास अमेरिकेत एडविन नॉर्थ्रप यांनी उच्च वारंवारतेच्या विजेची इंडक्शन भट्टी यशस्वी केली. तिच्यात ज्वाला नसते. मुशीभोवतीच्या तांब्याच्या वेटोळ्यातून वीज जाते, तिच्यामुळे धातूच्या अंगातच प्रवाह निर्माण होतो आणि धातू तापतो. रस आपोआप ढवळला जातो, धूर कमी होतो आणि तापमान हव्या त्या अंशावर ठेवता येते. भांडवल आणि वीजबिल मात्र मोठे असते.

हा बदल आपल्या मर्जीवर राहीलच असे नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ च्या डिसेंबरात ताजमहालच्या परिसरातील २९२ कारखान्यांना कोळसा व कोक सोडून नैसर्गिक वायू वापरा, नाहीतर दुसरीकडे जा, असा आदेश दिला. त्यात आग्र्याच्या फाउंड्र्याही होत्या. ज्यांना दुसरी भट्टी माहीत नव्हती, त्यांच्यापुढे एकाएकी पोटाचा प्रश्न उभा राहिला. म्हणून गरज पडण्याआधीच शिकून ठेवावे, असे आम्हाला वाटते.

उष्णता मोजणे

जुना कारागीर रसाचा रंग पाहून ताप ओळखतो. हा डोळा मोलाचा आहे; पण तो उन्हात वेगळे सांगतो आणि सावलीत वेगळे. सकाळी ताजा असतो, संध्याकाळी थकलेला. शिवाय उस्ताद गेला की तोही जातो.

ही अडचण इंग्लंडच्या जोसाया वेजवुड या चिनी मातीच्या भांड्यांच्या कारखानदाराला जाणवली होती. १७८२ साली त्याने मातीच्या छोट्या गोळ्या भट्टीत ठेवून त्या किती आकसतात यावरून ताप मोजण्याची युक्ती काढली. त्याचे आकडे चुकीचे ठरले, पण वाट बरोबर होती. १८२१ साली सीबेक यांना आढळले की दोन वेगळ्या धातूंच्या तारा जोडून एक सांधा तापवला की त्यांतून वीज वाहते. याच तत्त्वावर फ्रान्सच्या ल शातेलिए यांनी १८८० च्या दशकात प्लॅटिनम व ऱ्होडियमच्या तारांचे भरवशाचे थर्मोकपल तयार केले. आज फाउंड्रीत जो पायरोमीटर रसात बुडवतात, तो याचाच वारस.

मोजण्याचे महत्त्व पितळात लगेच कळते. तांबे १०८५ अंश सेल्सिअसला वितळते, पण जस्त ९०७ अंशांनाच उकळते. पितळ गरजेपेक्षा जास्त तापवले की जस्त पांढऱ्या धुराच्या रूपाने उडून जाते. विकत घेतलेला धातू हवेत जातो, मिश्रण बिघडते आणि तो धूर कामगाराच्या छातीत जातो. संध्याकाळी थंडी वाजून ताप भरतो, अंग मोडून येते. बरेच जण त्यावर दूध-गूळ घेतात. त्याने हा ताप थांबत नाही. धूर बाहेर काढणे आणि रस वाजवीपेक्षा जास्त न तापवणे हाच उपाय. आधी तांबे वितळवून जस्त शेवटी आत दाबून घालण्याची जुनी रीत याचसाठी आहे.

अॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळते. ते जास्त तापले की हायड्रोजन शोषून घेते आणि गार होताना तो वायू बारीक छिद्रांच्या रूपाने मालात उरतो. बिडात उलट तक्रार जास्त : रस थंड पडला की पातळ भागापर्यंत पोहोचतच नाही आणि नग अर्धवट राहतो.

उष्णता काढून घेणे

येथे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. रस साच्यात गेला की काम संपले असे वाटते, पण खरे काम तिथून पुढे असते.

ओलसर वाळू भरलेल्या पेट्यांच्या साच्यात धातू ओतण्याचे सविस्तर वर्णन अल-जझरी यांनी १२०६ साली पूर्ण केलेल्या यंत्रांवरच्या ग्रंथात आहे. आमिद, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातील दियारबकर, येथील राजवाड्याच्या पितळी दरवाजाच्या संदर्भात ते येते. अल-जझरी नुसते ग्रंथकार नव्हते, हाताने काम करणारे कारागीर होते. इंग्लंडमध्ये अब्राहम डार्बी याने लोखंडी भांडी वाळूत ओतण्याचे पेटंट १७०७ साली घेतले.

वाळूतला ओलावा नेमका लागतो. पाण्याची वाफ झाली की ते सुमारे १,६०० पट फुगते. ओलावा जास्त असेल आणि वायू जायला वाट नसेल तर मालात पोकळ्या राहतात. ओल्या लेडलमध्ये किंवा ओल्या भंगारावर रस पडला तर स्फोट होतो. लेडल आधी तापवून कोरडी करण्याचा नियम जीव वाचवण्यासाठी आहे. घाईत तो कधीही मोडू नये.

धातू घट्ट होताना आकसतो. आधी घट्ट झालेला भाग शेवटी घट्ट होणाऱ्या भागातून रस ओढतो आणि शेवटच्या जागी पोकळी पडते. चेक अभियंता ख्वोरिनोव्ह यांनी १९४० साली याचा नियम मांडला. घट्ट होण्याचा वेळ घनफळ आणि पृष्ठभाग यांच्या गुणोत्तराच्या वर्गाप्रमाणे वाढतो. सोप्या भाषेत सांगायचे, तर एक पाटा दुसऱ्याच्या दुप्पट जाड असेल तर त्याला दुप्पट नव्हे, चौपट वेळ लागतो. म्हणून जाड भागाला रस पुरवणारा रायझर त्या भागापेक्षा उशिरा घट्ट होईल इतका जाड हवा. धातू वाचवण्यासाठी रायझर बारीक केला तर पोकळी मालातच येते. जिथे रायझर लावता येत नाही तिथे साच्यात लोखंडाचा तुकडा, म्हणजे चिल, बसवावा. तो उष्णता झटकन ओढून घेतो आणि जाड भाग वेळेत घट्ट होतो.

आता काय करावे?

छोट्या मालकाने एकदम मोठी भट्टी घेण्याचे कर्ज काढू नये. आधी एक पायरोमीटर घ्यावा. पितळ आणि अॅल्युमिनियमसाठी साधे थर्मोकपल चालते. बिडाचा रस १,३०० अंशांच्या वर ओततात, तिथे बुडवून टाकून देण्याच्या टोप्यांचा प्रकार लागतो. मग एक वही ठेवावी. प्रत्येक ओतणीचे तापमान, वाळूचा ओलावा, किती नग बाद झाले आणि कोणत्या दोषाने, हे तिच्यात रोज लिहावे. महिन्याभरात वही स्वतःच बोलू लागते. त्यानंतर भट्टीची दुरुस्ती किंवा बदल याचा विचार करावा.

कामगार बांधवांनाही आमचे सांगणे आहे. हाताला कसब आहेच, त्याला आकड्यांची जोड द्या. आयटीआयमध्ये फाउंड्रीमनचा अभ्यासक्रम असतो. घरातल्या एखाद्या मुलाला तिकडे पाठवा. बाप रंग पाहून सांगेल, मुलगा मोजून सांगेल आणि दोघांचे जुळले की माल बाद होणार नाही. रूमी उस्तादाकडे थर्मोकपल असते तर त्याने ते नक्की वापरले असते. आपल्याला ते बाजारात मिळते. ते न घेता नुकसानीला नशीब म्हणत बसणे हे ना धंद्याला शोभते, ना इल्मला फर्ज मानणाऱ्या उम्मतीला.