पहिल्या चाकूला ऐरण नको

घरी पहिला चाकू करायचं मनात आलं की डोळ्यांपुढे येतात ते ऐरण, घण आणि लालभडक लोखंडावरून उडणाऱ्या ठिणग्या. पहिल्या चाकूपुरतं तरी हे सगळं बाजूला ठेवावं. पट्टी हॅकसॉने कापून, कानशीने घासून पात्याचा आकार काढावा आणि सगळं लक्ष पाणी देण्यावर ठेवावं. कानशीची चूक डोळ्यांना दिसते, वेळेवर सावरताही येते. तावाची चूक पोटात राहते आणि पातं हातून पडेपर्यंत कळत नाही.

हार्डवेअरच्या दुकानातली साधी पट्टी माइल्ड स्टीलची असते. तिच्यात कार्बन पाव टक्क्याच्या आसपास किंवा त्याहून कमी, त्यामुळे ती कितीही तापवून बुडवली तरी धार धरत नाही. 1084 नंबरचं पोलाद घ्यावं; शेवटचे दोन आकडे कार्बन सांगतात, साधारण 0.84 टक्के. यावर कुणी म्हणेल, आमचे लोहार आणि घिसाडी ट्रकच्या कमानपाट्यांतून कोयते काढतात, त्यांना कुठे नंबर लागतो? खरं आहे, आणि पाट्याचं पोलादही चांगलंच असतं. पण ज्याच्या हाताखालून शेकडो पाटे गेले, त्याला माल ओळखता येतो. नवख्याचं पातं तडकलं तर पाट्यात आधीचीच चीर होती, ताव जास्त झाला की तेल थंड होतं, हे त्याने कशावरून ठरवायचं? माल ओळखीचा असला की निदान एक शंका कमी होते.

दुसरा आक्षेप जास्त ठाम असतो: ठोकल्याशिवाय पोलादाला कस येत नाही. ही समजूत जुनी आहे, आणि मळीने भरलेलं कच्चं लोखंड ठोकून साफ करावं लागे तेव्हा तिला अर्थही होता. आजची पट्टी गिरणीत लाटूनच आलेली असते. लोहार ठोकतो कारण त्यात माल आणि वेळ वाचतो. नवखा ठोकतो तेव्हा पट्टी पुन्हा पुन्हा तापते, दर तावाला वरच्या थरातला कार्बन जळतो, आणि ताव फार चढला तर आतला कण जाड होतो. असं पातं मोडलं की तुटल्या जागी साखरेसारखे दाणे दिसतात.

पाणी देण्याआधी धारेची कड मिलिमीटरभर जाड ठेवावी, नाहीतर ती वाकते किंवा चिरते. ताव बघायला जागा अंधारी हवी. उन्हात रंग फसवतो. सुमारे 770 अंशांना पोलाद चुंबकाला चिकटेनासं होतं. त्याच्या थोडं पुढे, 815च्या आसपास नेऊन, 50-60 अंश कोमट केलेल्या खाद्यतेलात पातं टोकाकडून सरळ उभं बुडवायचं. आडवं हलवलं की वाकलंच. तेल पेट घेऊ शकतं, म्हणून भांडं धातूचं, झाकण हाताशी, आणि हा उद्योग उघड्यावर. थंड झाल्यावर कडेवर कानस फिरवावी: चावली तर फसलं, नुसती घसरली तर साधलं. पण हे पातं आता इतकं ठिसूळ असतं की फरशीवर पडलं तर दोन तुकडे. लगेच घासून चकचकीत करून ओव्हनमध्ये 200 अंशांना दोन-दोन तास दोनदा ठेवावं. ओव्हनच्या बटणावर विसंबू नये, आत वेगळा थर्मामीटर ठेवावा. वर फिकट पिवळी झाक आली की झालं.

इथून पुढे घाई फार महागात पडते. उरलेली धार ग्राइंडरवर काढायची तर पातं उघड्या बोटांनी धरावं आणि चटका बसायच्या आत पाण्यात बुडवावं. कडेवर निळा डाग उमटला म्हणजे तेवढी जागा 300 अंशांच्या आसपास जाऊन मऊ पडली. डाग घासून जातो, मऊपणा जात नाही. तेवढी कड घासून काढायची, नाहीतर पुन्हा भट्टी पेटवायची. म्हणून सागाची असो की बाभळीची, मूठ सगळ्यात शेवटी चिकटवावी.