बैलगाडा शर्यतीतील कालनोंद आणि तिचे वाचन : जुन्नर व आंबेगाव तालुक्यांच्या संदर्भात

ग्रामीण क्रीडाप्रकारांचा विचार करताना शर्यतीच्या निकालाची परिभाषा सहसा दुर्लक्षित राहते. जुन्नर व आंबेगाव तालुक्यांतील यात्रांमध्ये बाहेरगावच्या प्रेक्षकाला 'भिर्रर्र' हा पुकारा लगेच समजतो. मात्र त्यापाठोपाठ जाहीर होणारे आकडे त्याला उमगत नाहीत. प्रस्तुत लेखात त्या आकड्यांचा अर्थ स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

सांगली-सातारा भागात अनेक गाड्या एकाच वेळी धावतात. येथे मात्र चढाच्या धावपट्टीवर, म्हणजे 'घाटा'त, एका वेळी एकच गाडा सुटतो. चार बैल, पुढे घोडीस्वार आणि गाड्यावर कोणीही नाही. प्रतिस्पर्धी दिसत नसल्याने घड्याळ हाच प्रतिस्पर्धी ठरतो. प्रत्येक गाड्याच्या धावेस 'बारी' म्हणतात. '११.६०' असे पुकारले गेल्यास ते सेकंद व त्याचे शतांश समजावेत. येथील 'पहिला क्रमांक' एकाच गाड्याचा नसतो. ठरलेल्या सेकंदांच्या आत येणारे सर्व गाडे त्यात मोडतात. नवख्याचा गोंधळ होतो तो नेमका येथे. दिवसातील सर्वांत कमी वेळ नोंदविणारा गाडा 'घाटाचा राजा' ठरतो.

तुलनेसाठी बेसबॉलचे उदाहरण उद्बोधक आहे. त्याच्या धावफलकावरील 'आर', 'एच' व 'ई' ही अक्षरे अनुक्रमे धावा, यशस्वी फटके व क्षेत्ररक्षणातील चुका दर्शवितात. अमेरिकेतील प्रमुख व्यावसायिक साखळीत २०२३ पासून चेंडूफेकीसाठी घड्याळ आले. नऊ डावांच्या सामन्याचा सरासरी वेळ ३ तास ४ मिनिटांवरून २ तास ४० मिनिटांवर उतरला. म्हणजे तेथे फलकावर चुकांनाही रकाना आहे. आपल्याकडे केवळ वेग नोंदविला जातो; तो वेग कसा मिळविला, हे आकडा सांगत नाही.

आणि वादाचे मूळ नेमके तेच होते. सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ रोजी शर्यतींवर बंदी घातली. राज्याने २०१७ मध्ये कायदादुरुस्ती केली; तिच्या अंमलास उच्च न्यायालयाने अटकाव केला. १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सशर्त परवानगी दिली. तरीही १ जानेवारी २०२२ रोजी लांडेवाडी (ता. आंबेगाव) येथे होणारी शर्यत करोनामुळे ऐनवेळी रद्द झाली. १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरविला. नियमांनुसार धावपट्टी १००० मीटरपेक्षा अधिक असता कामा नये. काठी, चाबूक व विजेचा धक्का निषिद्ध आहे. बैलास क्रूर वागणूक दिल्यास पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो.

या मर्यादेच्या आत प्रत्येक घाटाची लांबी व चढ निराळा असतो. त्यामुळे एका गावच्या बारा सेकंदांची दुसऱ्या गावच्या बारा सेकंदांशी तुलना करता येत नाही, हे जाणकार गाडामालक नवख्यास आधी सांगतात.