कुसात्सूचे गरम पाणी आणि कुष्ठरोगाचा धडा

जपानच्या गुन्मा प्रांतात, समुद्रसपाटीपासून सुमारे १२०० मीटर उंचीवर कुसात्सू नावाचे डोंगरातले गाव आहे. जवळच शिराने हा जागृत ज्वालामुखी आहे. त्याच्या उष्णतेने तापलेले पाणी गावात ठिकठिकाणी आपोआप जमिनीवर येते. ८ व्या शतकात ग्योकी या बौद्ध भिक्खूने हे झरे शोधले, अशी तिथली आख्यायिका आहे.

गावाच्या मधोमध ‘युबाताके’, म्हणजे गरम पाण्याचे शेत आहे. वाफाळते पाणी लाकडी पन्हाळींतून वाहत थोडे निवते आणि मग स्नानगृहांकडे जाते. पन्हाळींत साचलेले गंधक खरवडून गोळा करतात. आंबटपणात हे पाणी लिंबाच्या रसाच्या जवळपास आहे. त्यात गार पाणी मिसळले तर गुण कमी होतो, असे लोक मानतात. म्हणून लांब फळ्यांनी पाणी ढवळून, गाणी म्हणत ते निववण्याची प्रथा आहे. तिला ‘युमोमी’ म्हणतात.

स्नानाचा नियम साधा आहे. आधी बाहेर बसून साबणाने अंग स्वच्छ धुवायचे आणि मगच सर्वांच्या हौदात उतरायचे. अंगावर कपडे नसतात, त्यामुळे मालक कोण आणि मजूर कोण हे कळत नाही.

एकाच गावात दोन वस्त्या

पण हा हौद सर्वांचा नव्हता. हे पाणी कुष्ठरोग बरा करते, अशा आशेने देशभरातून रुग्ण इथे येत. १८८७ मध्ये त्यांना गावाच्या कडेला युनोसावा या वेगळ्या वस्तीत हलवण्यात आले. पाण्यासाठी चवदार तळ्याचा सत्याग्रह करावा लागलेल्या आपल्या समाजाला वेगळ्या वस्तीचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही.

१९३१ च्या कायद्याने सर्वच कुष्ठरुग्णांना समाजापासून तोडण्याचे धोरण आले. १९३२ मध्ये कुसात्सूत कुरियू राकुसेन-एन हे सरकारी कुष्ठधाम सुरू झाले. त्याच्या आवारात १९३८ ते १९४७ या काळात एक कोठडी होती. ‘त्रासदायक’ ठरवलेल्या रुग्णांना कोणताही खटला न चालवता तिथे डांबत. हिवाळ्यात बर्फ पडे, पण कोठडीत उबेची सोय नव्हती. एकूण ९३ जणांना कोंडले आणि त्यांतले २३ दगावले, अशी नोंद आहे.

१९४० च्या दशकात गुणकारी औषध आले. तरीही जपानमधला सक्तीने वेगळे ठेवण्याचा कायदा १९९६ पर्यंत टिकला. रुग्णांनी न्यायालयात दाद मागितली. २००१ मध्ये कुमामोतोच्या न्यायालयाने हे धोरण घटनाविरोधी ठरवले आणि सरकारला माफी मागावी लागली. रोग औषधाने बरा होऊ लागल्यावरही पन्नास वर्षे माणसे कोंडलेली राहिली, ती भीतीमुळे आणि कायद्यामुळे.

पाण्याने रोग का जात नाही?

कुष्ठरोग एका जंतूमुळे होतो. तो पूर्वजन्मीच्या पापाचे फळ नाही, शापही नाही. हा जंतू त्वचेत आणि नसांत आत राहतो. आम्लयुक्त गरम पाणी त्वचेच्या वरच्या थरावर परिणाम करते, नसांपर्यंत पोहोचत नाही. उलट, नसा बधीर झालेल्या माणसाला चटका कळत नाही आणि पाय भाजून जखमा होतात. मधुमेहाने पाय बधीर झालेल्यांनाही हाच धोका असतो. अशा व्यक्तीच्या आंघोळीचे पाणी घरातल्या दुसऱ्याने हाताने तपासून द्यावे. गरम पाण्याच्या कुंडावर गेलात तरी हेच लक्षात ठेवा. हृदयविकार असलेल्यांनी आणि गरोदर भगिनींनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय कढत कुंडात उतरू नये.

आपण काय करायचे?

अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा आहे, तो खाजत नाही, दुखत नाही आणि तिथे स्पर्श कळत नाही, असे असेल तर लगेच तपासणी करा. हातापायाला बधिरपणा आला, बोटांतली ताकद गेली, चप्पल पायातून निसटली तरी कळली नाही, हीसुद्धा लक्षणे असू शकतात. आशाताईंना सांगा, किंवा सरकारी दवाखान्यात जा. तिथे एमडीटी ही औषधे मोफत मिळतात. रोगाच्या प्रकारानुसार सहा किंवा बारा महिने ती न चुकता घ्यायची. उपचार सुरू झाल्यावर थोड्याच काळात रुग्णापासून संसर्गाचा धोका उरत नाही. त्याचे ताट वेगळे करण्याची, त्याला घराबाहेर झोपवण्याची काहीही गरज नाही. उपचाराला उशीर झाला तर मात्र बोटे वाकडी होणे, पायाला न भरणाऱ्या जखमा होणे, असे कायमचे नुकसान होऊ शकते. चट्टा लपवल्याने घराची अब्रू वाचत नाही, हात मात्र जातो.

बाबासाहेबांच्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात सुप्रबुद्ध या कुष्ठरोग्याची कथा आहे. सभेत लोकांची गर्दी पाहून काही खायला मिळेल म्हणून तो आला होता. तथागतांनी त्याला दूर सारले नाही. धम्म समजण्याची पात्रता त्यांनी त्याच्यात पाहिली आणि तो तथागतांचा अनुयायी झाला. विहारात दर रविवारी वंदनेला जमतो, तेव्हा या लक्षणांवर पाच मिनिटे बोला. आपल्या वस्तीत कुणाच्या अंगावर असा चट्टा दिसला, तर त्याच्यासोबत दवाखान्यापर्यंत चालत जा.

जय भीम, नमो बुद्धाय.